बघितलं की मी

संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि गड्ड्यावरची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली, गर्दी जरा ओसरली होती. होम मैदानावर पाळण्यांच्या दिव्यांत धूळ पिवळी दिसत होती, भज्यांच्या तेलाचा वास घशात बसत होता, आणि मी भाकरीचा लोखंडी तवा घ्यायला एकटीच आले होते. दरवर्षी नवा तवा लागतो असं नाही, पण आई गड्ड्यावरून काहीतरी लोखंडी घेतल्याशिवाय परत यायची नाही, ती सवय माझ्यात उतरली आहे. तवा वाजवून बघत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी दंडाला चिमटा काढला. असा चिमटा काढणारी बाई मला आयुष्यात एकच माहीत आहे. वळून बघितलं तर अक्का. साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या समोरची. हातात गोडीशेवेचा पुडा, केसांत अबोलीचा गजरा, चेहरा थोडा उतरलेला पण डोळे तेच. "काय करूलालीस ग हितं?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता मला दुकानाच्या कडेला ओढलंच.

"तिरुपतीला जाऊन आलो की ग आम्ही. काय झालं म्हायतंय का, रेणिगुंट्याला उतरलो बघ, पहाटचं, आणि आमचं म्हातारा…"

"हो, बघितलं की मी," मी म्हणाले. "स्टेटसला. छान आलेत फोटो."

मी हे प्रेमानंच म्हणाले होते, शपथेवर सांगते. तुझ्याकडे माझं लक्ष असतं, तू कुठं गेलीस, काय केलंस हे मला ठाऊक असतं, एवढंच त्यातून सांगायचं होतं. अक्काचा वर उचललेला हात, ज्यानं ती रेणिगुंट्याचं स्टेशन हवेत उभं करणार होती, तो तसाच क्षणभर थांबला आणि खाली आला. "बघितलीस होय," ती म्हणाली. "मग झालं तर." मग तिनं माझ्या मुलीचं विचारलं, मी तिच्या नातवाचं विचारलं, तवा कितीला पडला ते तिनं विचारलं, आणि "येते ग" म्हणून ती गर्दीत मिसळली. वर्षभरानं भेटलो होतो. पाच मिनिटंसुद्धा बोललो नाही.

तवा घरी आणला. त्याला तेल लावून ठेवताना ते "मग झालं तर" पुन्हा ऐकू आलं.

रात्री मी फोन उघडून ते स्टेटस शोधलं. अर्थातच नव्हतं. चोवीस तासांनी पुसलं जाणारं ते प्रकरण, फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हापासून त्याचा नियमच तो. म्हणून मग आठवून बघायला लागले की मी नक्की काय बघितलं होतं. चार फोटो. एकात अक्का आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो, मंदिराच्या लांबच्या गोपुरासमोर ताठ उभे. एकात नातू. एकात लाडू. एकात पुन्हा तेच दोघं, पण ऊन डोळ्यांवर आल्यानं मामांचे डोळे मिटलेले. खाली तेलुगूत काहीतरी आणि हात जोडलेले दोन इमोजी. हे स्टेटस अक्कानं स्वतः लावलेलंही नसणार, तिच्या फोनवर नातू लावतो. मी ते किती वेळ बघितलं असेल? स्वयंपाकघरात, गॅसवर दूध ठेवून, अंगठ्यानं सरकवत. अक्काच्या आधी कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता आणि नंतर हुरडा पार्टी. आणि तेवढ्या भांडवलावर मी एका बाईला भर गड्ड्यात सांगितलं की तुझी यात्रा मला माहीत आहे.

अक्काचं सांगणं म्हणजे काय असायचं हे आमच्या गल्लीतल्या माणसालाच कळेल. दुपारी चारच्या सुमाराला उन्हाची तिरीप कट्ट्यावरून सरकली की ती मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात ओलसर पानं, तंबाखू, कात्री, दोऱ्याची रिळं. तिच्या बाजूला आणखी दोघी-तिघी. दिवसाला हजार विड्या वळायच्या, त्या वळतच असायच्या, आणि बोलणं वरून वाहत राहायचं, जसं काही बोटांचा आणि तोंडाचा एकमेकांशी संबंधच नाही. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा मारायचा. हात गुंतलेले आणि डोळे खाली, त्यामुळे बोलायला भीड म्हणून नसायची. मोठमोठी दुःखं त्या कट्ट्यावर सुपाकडे बघत सांगितली गेली आहेत. तिची मराठी तिच्या घरच्या तेलुगूतून चालत यायची, तिच्या मराठीत गाडी 'येतो' आणि पाऊस 'येते', आणि आम्हा पोरांना ते कधी चुकीचं वाटलंच नाही, अक्काची गाडी येतोच असायचा. गल्लीत एका घरात कानडी, दुसऱ्यात उर्दू, समोर तेलुगू, आमच्याकडे मराठी, आणि कट्ट्यावर आलं की सगळ्यांची मिळून एक सोलापुरी.

मामा मागावर होते. आधी हातमाग, मग दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमागावर टॉवेल. पूर्व भागात तेव्हा सकाळपासून जी खटखट चालायची ती आता कमी झाली आहे, पण आमच्या लहानपणी ती गप्प झाली तरच आम्ही दचकायचो, म्हणजे लाइट गेली. चोवीस तास त्या आवाजात उभं राहणारी माणसं एकमेकांशी तोंडाकडे बघून बोलायची. ओठ, भुवया, हाताची बोटं. मामा घरीसुद्धा तसेच. तुम्ही काही बोलायला लागलात की ते हातातलं सोडून तुमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. त्यांना थोडं कमी ऐकू येतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी मला वाटायचं की या माणसाला माझ्या शाळेतल्या भांडणात माझ्याइतकाच रस आहे.

आणि माझी आई. आई कट्ट्यावर विड्या वळायला नसायची, ती गहू निवडायला किंवा शेंगा फोडायला बसायची. अक्का एखादी गोष्ट सांगायची, जी आईला सकाळीच दुसऱ्या कुणाकडून तरी कळलेली असायची. मला माहीत असायचं की आईला माहीत आहे. तरी आई मान वर करून म्हणायची, "हो का? मग?"

हा "मग?" मी आज इतक्या वर्षांनी ऐकते आहे.

एकदा मी तिला विचारलं होतं की तुला तर ठाऊक होतं, मग अक्कासमोर असं का केलंस. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "मला बातमी कळली होती. तिनं कुठं सांगितलं होतं?" मला तेव्हा ते खोटं बोलण्यासारखं वाटलं होतं. मी नववीत असेन आणि खरेपणाबद्दल फार कडक होते.

बातमी पोचायची आमच्याकडे तेव्हाही काही कमी घाई नव्हती. गिरणीचा भोंगा सगळ्या गावाला एकदम उठवायचा. नळाला पाणी आलं की पहिली उठलेली बाई स्टीलच्या तांब्यावर चमचा वाजवत "पाणी आलं गं" म्हणत गल्लीभर फिरायची, आणि पाठोपाठ घागरी, कळश्या, आणि रांगेतलं भांडण. आता मी जुळे सोलापुरात राहते. पाणी आजही काही दिवसांआडच येतं, उजनी शंभर किलोमीटरच्या वर लांब आहे आणि तिथून आमच्या नळापर्यंतचा प्रवास अजून काही सुरळीत झालेला नाही. पण आता सोसायटीच्या ग्रुपवर "पाणी सोडले आहे" असा मेसेज येतो. खाली छत्तीस अंगठे. मी मोटर लावते, टाकी भरते. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचा अंगठा मला ओळखू येतो, त्यांचा आवाज मात्र मला आत्ता लिहिताना आठवत नाहीये. पाण्यासाठी भांडणं व्हायची ती बरी होती असं मी म्हणणार नाही. आईची कंबर त्या घागरींनी गेली. तरीही.

फोनबद्दल वाईट बोलायला मी बसलेली नाही, ते मला जमणारही नाही. माझा भाऊ मस्कतला असतो. आई-बाबा त्याच्याशी बोलायला आधी आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचे, मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचे, आणि घरी परत आल्यावर काय बोलायचं राहिलं त्याची यादी व्हायची. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आईच्या हातात स्मार्टफोन आला, आणि तिला लिहिण्याचा कंटाळा म्हणून ती व्हॉइस मेसेज पाठवायला शिकली. बटण दाबून ठेवायचं आणि बोलायचं. तिचे असे एकशे बारा मेसेज माझ्याकडे आहेत. एक आहे एक मिनिट चाळीस सेकंदांचा, शेंगाच्या चटणीला लसूण किती घालायचा ते. मागे कुकरची शिट्टी होते, आई बोलणं थांबवते, "दोन झाल्या" असं स्वतःशीच म्हणते, आणि पुन्हा लसणावर येते. ती गेल्यानंतर ते "दोन झाल्या" मी किती वेळा ऐकलं आहे ते मोजलेलं नाही. हा फोन नसता तर माझ्याकडे आईचे फोटो असते, आवाज नसता. त्यामुळे मी कुणाला म्हणू शकत नाही की ते बंद करा.

पण ती गेली तो दिवसही याच फोनात आहे.

मे महिना होता, २०२२. सोलापूरचा मे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. भावानं मस्कतहून दोन ग्रुपवर बातमी टाकली आणि दहा मिनिटांत फोन थरथरायला लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, जोडलेले हात, पुन्हा भावपूर्ण श्रद्धांजली. मनापासून लिहिणारे होते त्यांत, मला माहीत आहेत ते. पण वरचा मेसेज धरून खालच्यानं तोच चिकटवलेला दिसायचा, एकाच ठिकाणी एकाच चुकीसह. संध्याकाळपर्यंत कितीतरी जण लिहून मोकळे झाले होते. घरी येणारे आले, नाही असं नाही, पण येऊन बसत आणि त्यांना विचारायला काही उरलेलं नसे. काय झालं, कधी झालं, कुठल्या दवाखान्यात, हे सगळं भावानं नीट लिहिलं होतं. "वाचलं आम्ही," ते म्हणत, आणि पंख्याकडे बघत. मग मीही पंख्याकडे बघायची. माझ्या पोटात सकाळपासूनचं सगळं तसंच साचून राहिलेलं होतं आणि त्याला दार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात अक्का आली. ती कुठल्याच ग्रुपवर नव्हती. जुन्या गल्लीतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, म्हणजे बातमी तिलाही पोचलेलीच होती. हातात पिठल्याचा डबा आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. डबा तिनं ओट्यावर ठेवला, माझ्यासमोर फरशीवर बसली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "काय झालं ग? सांग." मी म्हणाले, अक्का, तुला कळलंच असेल की. ती म्हणाली, "मला नाही कळलं काही. तू सांग." आणि मी सांगायला लागले. रात्री दीड वाजता आईनं पाणी मागितलं तिथून. ग्लास कुठला होता ते. ती म्हणाली, "मग?" मी पुढं सांगितलं. रिक्षा मिळेना. "मग?" दवाखान्याच्या पायऱ्या. "मग?" पाऊण तास मी बोलत होते, मध्ये रडले, पुन्हा सांगायला लागले, एकच गोष्ट दोनदा सांगितली तरी तिनं ती दोनदा ऐकली. शेवटी तिनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडात घातला. त्या घरात आदल्या दिवसापासून तोपर्यंत मी काही खाल्लं नव्हतं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.

त्या अक्काला मी गड्ड्यावर म्हणाले, बघितलं की मी.

या वर्षी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, सिद्धेश्वराच्या लग्नाला, मी संमती कट्ट्याजवळ होते. नंदीध्वजांच्या उंच काठ्या झुलत आल्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं घामानं निथळत होती, जानेवारी असूनही. अशी वेळ आली की गर्दीचा आवाज एकदम खाली बसतो, संमतीचे शब्द कानावर येतात, आणि "सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्" झालं की हजारो मुठी उघडतात. माझ्या पुढे एक मुलगी होती, वीस-बावीस वर्षांची. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात फोन उंच धरलेला. अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा तिची नजर पडद्यावर होती, चौकट नीट बसते आहे का ते बघत. चौकट बसली. मूठ मात्र मिटलेलीच राहिली. मागून पडलेल्या अक्षता तिच्या केसांत अडकल्या होत्या, आणि तिच्या स्वतःच्या अक्षता तिनं नंतर, सगळं झाल्यावर, हळूच पुढे टाकल्या. तिचा मला राग आला नाही. तो व्हिडिओ कुणासाठी असेल याचा विचार आला. मस्कतला बसलेल्या एखाद्या भावासाठी असेल. माझ्या भावाला मीच गेल्या वर्षी तसा पाठवला होता, आणि त्यानं तो रात्री दोन वाजता बघितल्याच्या दोन निळ्या टिका सकाळी दिसल्या. उत्तर नव्हतं. पूर्वी पत्राचं उत्तर आलं नाही तर पोस्टाला दोष देता यायचा, मध्ये थोडी मोकळी जागा असायची माणसाला माफ करायला. २०१४ पासून त्या टिकांनी ती जागा बुजवून टाकली. तो थकला असेल, झोप आली असेल, गाव आठवून गप्प बसला असेल. मी आठ दिवस रुसून राहिले.

मुलगी पुण्याहून येते तेव्हाही हेच होतं. हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री उतरते, स्टेशनवरून घरी येईपर्यंत रिक्षात आमचं बोलून संपतं. तिनं काय खाल्लं, ऑफिसात कोण कसं वागलं, नवीन कुर्ता, सगळं मी आधीच बघितलेलं. ती काही सांगायला लागते आणि स्वतःच म्हणते, "तुला पाठवला होता ना गं तो फोटो." मी हो म्हणते. मग आम्ही दोघी आपापल्या फोनकडे वळतो, आणि एकमेकींच्या इतक्या जवळ बसून मला तिची आठवण येत राहते.

गड्ड्यावरच्या त्या भेटीनंतरच्या रविवारी मी रिक्षा करून अक्काकडे गेले. आधी फोन केला नाही. ती अजून त्याच घरात आहे, समोरचं आमचं घर पाडून तिथं तीन मजली इमारत झाली आहे आणि खाली मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. कट्टा आहे. त्यावर दोघी सुनांसारख्या मुली विड्या वळत होत्या, भिंतीला टेकवून फोन ठेवलेला, त्यात मालिका चालू. अक्का आत होती, विड्या तिनं बोटं आखडल्यापासून सोडल्या. मला बघून तिनं आधी कपाळाला आठ्या घातल्या, काही वाईट झालं की काय म्हणून. मी म्हणाले, नाही ग, सहजच. चहा झाला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं आली. मामा पलीकडे खाटेवर होते, त्यांनी हात वर केला. मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि मी म्हणाले, "अक्का, तिरुपतीचं सांग ना."

"बघितलीस की तू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण विसरलेलीही नव्हती.

"फोटो बघितले. रेणिगुंट्याला काय झालं ते राहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पाय पोटाशी घेतले, पदर सारखा केला, आणि तो हात पुन्हा वर उचलला.

पहाटे चार वाजता उतरले ते. नातू सामान बघत मागे, मामा चहा प्यायला पुढे. चहावाल्याशी मामा तेलुगूत बोलले, आणि चहावाला किटली हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिला. ए ऊरु, त्यानं विचारलं, कुठलं गाव? सोलापूर, मामा म्हणाले. चहावाला म्हणाला, तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता, असले शब्द आता आमच्यात कुणी बोलत नाही. मामांच्या आजोबांनी गाव सोडलं तेव्हा जी भाषा गाठोड्यात बांधून आणली, तीच हे अजून बोलतात, मागाजवळ बसून, मध्ये मराठी घालून. आयुष्यभर सोलापुरात लोकांनी त्यांना तेलुगू म्हणून ओळखलं, आणि मामांना आत कुठंतरी वाटत असायचं की तिकडं गेल्यावर ते तिकडचे असतील. "आणि तिकडचं माणूस म्हणतंय, तुमचं जुनं आहे," अक्का म्हणाली. "आमचं म्हातारा चहा हातात धरून रडूलालंय, स्टेशनवर. मी विचारूलाले काय झालं, काय झालं. सांगतच नाही."

"मग?" मी म्हणाले.

"मग काय, त्यानं चहाचं पैसे घेतलं नाही."

दोन्ही फोटोंत मामा ताठ उभे होते आणि एकात त्यांचे डोळे मिटलेले होते. ते उन्हानं, असं मी धरून चालले होते.

बराच वेळ झाला होता. मी उठले, चप्पल पायात घातली, अक्का दारापर्यंत आली. तेवढ्यात खाटेवरून मामांचा मोठा आवाज आला. ते इतका वेळ आमच्या तोंडांकडे बघत होते. "तसं नव्हे ते," ते म्हणाले, "चहावाला नव्हे. हमाल होता. चहा त्यानं घेऊन दिला." अक्का गर्रकन वळली. हमाल कसा असेल, किटली कुणाच्या हातात होती मग? मामा खाटेवर उठून बसले. किटलीचं वेगळं, ते म्हणाले, आधी पूर्ण ऐक. आणि त्यांनी गाडी वाडी जंक्शनला थांबली होती तिथून सुरुवात केली.

मी चप्पल परत काढली.